मेलेल्या माकडाची नोंद कोण करणार?

काजूचा हंगाम आला की आपल्याकडे घरातली लहानथोर सगळी माणसे बागेत असतात. अशा दिवसांत रानाच्या कडेला एखादे माकड मरून पडलेले दिसते. आपण काय करतो? नाकाला रुमाल लावून वाट बदलतो, फार तर शेजाऱ्याला सांगतो. गोष्ट तिथेच संपते. मग काही दिवसांनी वाडीतले कोणी कडक तापाने अंथरूण धरते आणि सगळ्यांची धावाधाव सुरू होते.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात आढळला. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, पालापाचोळ्यात राहतात आणि काजू वेचणाऱ्याला चावतात. चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. म्हणजे माकड मेल्याची खबर वेळेवर लागली तर माणसाला सावध करायला थोडी सवड मिळते. ती सवड आपण फुकट घालवतो.

सरकारी यंत्रणा नाही असे नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर तपासणीवरून आणि प्रयोगशाळा नमुन्यावरून, असे तीन तक्ते पूर्वी आठवड्याला वर जात. एप्रिल २०२१ पासून देशभर नवी ऑनलाइन पद्धत आली. आता रोजच्या रोज आणि गावनिहाय नोंद करता येते. उत्तमच झाले. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गावातून खबर निघाली नाही, तर संगणक काय दाखवणार?

शेतीखात्याचा अनुभव इथे उपयोगी पडेल. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केले. त्यानंतर २००९-१० पासून क्रॉपसॅप सुरू झाले. कीड सर्वेक्षकाने शेतात जाऊन अळ्या मोजायच्या, आकडा संगणकात भरायचा, तो आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून बघायचा आणि सल्ला शेतकऱ्यापर्यंत पोचवायचा, अशी ही रीत. कोणी मोजायचे, कसे मोजायचे आणि उत्तर कुठे जायचे, हे आधी ठरले होते. सल्ला वेळेवर मिळाला की शेतकरी आपण होऊन अळी दाखवायला येतो. उत्तर मिळतच नाही असे दिसले, की खाते कुठलेही असो, आकडे बसल्या जागी भरले जातात. हे कटू आहे, पण खरे आहे.

म्हणून जिल्ह्याचा आराखडा करताना चार गोष्टी आधी ठरवाव्यात. मेलेले माकड किंवा तापाचे रुग्ण दिसले तर कोणाला फोन करायचा, तो एक नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. दुसरे, नोंदीत गावाबरोबर वाडीचेही नाव हवे. आपल्याकडे एका गावाच्या वाड्या मैल-मैल लांब असतात. तिसरे, रेंज नसेल तेव्हा वहीत लिहावे आणि नंतर भरताना घटनेची तारीख व भरल्याची तारीख वेगळी ठेवावी. रुग्ण नसतील तिथे शून्य लिहावे. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. चौथे, आशाताईंना एकच माहिती तीन ठिकाणी लिहायला लावू नये. तापाचा माणूस आधी खासगी डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्यांच्याकडची माहितीही यात यायला हवी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्तर गावाला परत मिळाले पाहिजे. नमुन्याचे काय झाले, कोणत्या बागेत जाऊ नये, औषध कधी मारणार, हे सरपंच आणि पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळावे. रुग्णाचे नाव मात्र चव्हाट्यावर येता कामा नये.

शेतकरी बंधूंनो, मेलेल्या माकडाला हात लावू नका, पण पाठ फिरवून निघूनही जाऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि लगेच आरोग्य केंद्राला कळवा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हंगामाआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. हंगाम सुरू झाल्यावर सभेला यायला कोणाला वेळ नसतो.