२२० वजा वय

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात रात्री साडेनऊनंतर एकाच टेबलावरचा दिवा चालू असतो. तिथे चोवीस वर्षांचा एक तरुण बसतो. दिवसा तो दादरच्या एका जिममध्ये नोकरी करतो. रात्री ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज’ या १९८५ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या प्रशिक्षक परीक्षेचा अभ्यास करतो. तीन तासांत १५० पर्यायी प्रश्न सोडवायचे. त्यातले २५ गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे सांगतही नाहीत! शिवाय बंद पडलेले हृदय दाब देऊन चालू करण्याचे प्रशिक्षण आधी घ्यावे लागते. फीसाठी आईने भिशी उचलली आहे. नापास झाला तर हप्ते तेवढे उरतील.

मुलगा मराठी माध्यमाचा. कुठला स्नायू कुठे ओढतो हे त्याच्या हाताला ठाऊक, पण पुस्तक इंग्रजी. म्हणून कचेरीतून आल्यावर आम्ही डिक्शनरी घेऊन शेजारी बसतो. ‘ॲबडक्शन’ आणि ‘ॲडक्शन’ यांत त्याचा रोज घोळ व्हायचा. एकात हात शरीरापासून दूर जातो, दुसऱ्यात जवळ येतो. आम्ही पडलो बी. कॉम. म्हटले, “ॲड म्हणजे बेरीज. हात शरीरात मिळवला की ॲडक्शन.” त्यानंतर तो चुकला नाही.

मग नाडीचे प्रकरण निघाले. २२० मधून वय वजा केले की मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडावेत याचा ढोबळ अंदाज येतो. हिशेब म्हटल्यावर आम्ही खूश. वय ४८, म्हणजे १७२. त्याचे ७० टक्के १२०. दुसऱ्या दिवशी पहाटे मनगटावर बोटे ठेवून मैदानावर चालू लागलो. ठोके ९५ च्या वर जाईनात. म्हणून धावलो, तरी ९८! तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कठड्यावर बसावे लागले.

रात्री त्याला सांगितले. तो हसला नाही. “काका, गोळी कुठली घेता?” रक्तदाबाची गोळी आम्ही दोन वर्षे घेतो. त्याने पाकिटावरचे नाव वाचून पुस्तकाचे पान काढले. गोळी ‘बीटा ब्लॉकर’ जातीची निघाली. ती हृदयाची गती मुळातच रोखून धरते. अशा माणसाला २२० चा हिशेब लागू पडत नाही. त्याने दम किती लागतो ते पाहायचे. त्यासाठी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० आकड्यांची मोजपट्टी केली आहे. त्याहून सोपी खूण म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये.

“मग गोळी बदलायची का रे?”

“ते डॉक्टरांना विचारा. आणि मनाने बंद करू नका, ते जास्त धोक्याचे. सांगणं माझ्या हद्दीतलं नाही.”

प्रशिक्षकाच्या हद्दीचा हा धडा त्याने आधी कंटाळून सोडला होता. (जिममध्ये पावडरचे डबे खपवणाऱ्यांनी तो उघडलेला दिसत नाही.) आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. आता पत्नीला बरोबर घेऊन चालतो, त्यामुळे बोलण्याची चाचणी आपोआप होते.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल तो मणक्यांपाशी पोहोचला. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. बेरीज आम्ही केली.