मुलाखत कीं कुळाची चौकशी ?

सोयरीक पाहायला येणारा पाहुणा मुलाचे हात पाहत नाहीं, घराची पडवी पाहतो. बाप काय करतो, मामा कोठें असतो, भावबंद किती, हें विचारून, चहा पिऊन तो उठतो आणि निरोप धाडायचें मात्र विसरतो. कंपन्यांच्या मुलाखती आज याच रीतीनें चालल्या आहेत. फरक एवढाच कीं सोयरिकीचा पाहुणा निदान स्वतःच्या भाड्यानें आपल्या दारीं येतो. येथें आपलाच पोरगा पदरचे पैसे मोडून त्यांच्या दारीं जातो.

त्या पैशांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं, म्हणून आम्ही मांडतों. एस.टी.चें जाण्यायेण्याचें भाडें, दाखल्यांच्या झेरॉक्स, उसने नाहीं मिळाले तर विकत घेतलेले बूट, शहरांत एका रात्रीचा मुक्काम, आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी. एवढें करून सकाळीं नऊला फाटकाशीं उभा राहिलेला उमेदवार दुपारीं चारला आंत जातो व दहा मिनिटांत बाहेर येतो. ‘कळवूं’ म्हणतात. कंपनीच्या कोशांत ‘कळवूं’ याचा अर्थ ‘कळवणार नाहीं’ असा आहे, हें पोराला तीन-चार महिन्यांनीं उमगतें. फोन येईल या आशेवर तोंवर त्यानें दुसरें काम धरलेलें नसतें. नकार द्यायला एक ओळ पुरते. तेवढी ओळ लिहिण्याइतकीही आपल्या पोराची किंमत या साहेबलोकांना वाटत नाहीं.

बरें, त्या दहा मिनिटांत विचारतात काय ? फिटरची जागा असेल तर हातीं कानस द्यावी, माप घ्यायला सांगावें, बिघडलेलें यंत्र पुढें ठेवावें. तें नाहीं. ‘वडील काय करतात ? घरीं कोण शिकलेलें आहे ? स्वतःविषयीं इंग्रजींत सांगा.’ मुलगी असेल तर ‘लग्न कधीं करणार ?’ हा प्रश्न आधीं. जणूं साहेबांना कामगार नको, सून पाहिजे !

ही आमची कुरकुर नव्हे. सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन या अभ्यासकांनीं दिल्लीकडील कंपन्यांच्या भरती-अधिकाऱ्यांशीं बोलून २००७ सालीं जें प्रसिद्ध केलें तें वाचावें. अधिकारी आधीं छातीवर हात ठेवून सांगतात कीं आम्ही फक्त गुणवत्ता पाहतों, आणि लगेच सांगतात कीं उमेदवाराची घरची पार्श्वभूमी आम्ही विचारतोंच. चांगल्या घरांतून चांगल्या संवयी येतात म्हणे. कोणाचें घर चांगलें ? लोहाराचा पोरगा भात्यावर बसल्याबसल्या तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून तें किती तापलें हें ओळखावयास शिकतो. ही संवय वाईट काय ? बापाचा धंदा विचारायचाच असेल तर तो त्याच्या बाजूनें धरा. पण तसें होत नाहीं. ‘लोहारकाम’ म्हणतांच साहेबाची लेखणी थांबते.

आणि ज्यांना दाराशींही बोलावीत नाहींत त्यांचें काय ? सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनीं २००७ सालींच आणखी एक परीक्षा प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले, बदललीं फक्त नांवें. सवर्ण आडनांवाच्या मानानें दलित नांवाला बोलावणें येण्याचा संभव सुमारें दोन-तृतीयांश, आणि मुसलमान नांवाला सुमारें एक-तृतीयांश निघाला. शिक्षण तेंच, कागद तोच ! मग गुणवत्ता कोठें बसली होती ? आडनांवांत ?

यावर शेटजी म्हणतील, ‘कंपनी आमची, पैसा आमचा, कोणाला घ्यावें तें आम्ही ठरवूं.’ वाहवा ! चाकण, रांजणगांव, बुटीबोरी येथील कारखान्यांखालची जमीन कोणाची होती ? ती औद्योगिक विकास महामंडळानें शेतकऱ्याकडून संपादन केली, रस्ता केला, पाणी आणलें, आणि मग शेटजींचा पैसा तेथें उभा राहिला. ज्याच्या बापाचें शेत त्या शेडखालीं गेलें त्यालाच विचारतात, ‘वडील काय करतात ?’

दुसरे म्हणतात, समोर बसवून पाहिल्याशिवाय माणूस कळत नाहीं. गुगल कंपनीच्या भरतीचे मुख्य लास्लो बॉक यांनीं २०१३ सालीं कबूल केलें कीं मुलाखतींत कोडीं घालणें हा वेळेचा अपव्यय ठरला. अ‍ॅमेझॉननें अर्ज निवडायला यंत्र शिकविलें, तें बायकांचे अर्ज मागें सारूं लागलें, व कंपनीला तें टाकून द्यावें लागलें. २०१८ सालीं हें जगजाहीर झालें. आपल्या केंद्र सरकारनेंही २०१६ सालापासून खालच्या अराजपत्रित जागांच्या मुलाखती बंदच केल्या. या विषयाचे अभ्यासक सांगतात कीं प्रत्यक्ष काम करवून पाहणें, किंवा सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेले गुण देणें, हें मोकळ्या गप्पांपेक्षां अधिक खात्रीचें. आपला सुतार हें पूर्वींपासून जाणतो. तो नव्या पोराचें कूळ न विचारतां त्याच्या हातीं रंधा देतो.

एक गोष्ट मात्र घरच्यांनाही सुनावली पाहिजे. आपल्यांतला एखादा त्या खुर्चीवर बसला कीं तोही भाच्याचेंच नांव पुढें सारतो. तेव्हां आपण त्याला ‘समाजाचा माणूस’ म्हणून हार घालतों.

तेव्हां मागणें एवढेंच. बाप, जात, लग्न यांविषयींचे प्रश्न बंद करा. सर्वांना तेच प्रश्न घाला आणि कामाची परीक्षा घ्या. लांबून बोलावलेल्यास भाडें द्या. पंधरा दिवसांच्या आंत होय कीं नाहीं हें कारणासह लेखी कळवा. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दींत कारखाने आहेत त्यांनीं असे ठराव करून कंपनीकडे व कलेक्टरकडे पाठवावे. मुलाखतीला गेलेल्यांनीं तारीख, विचारलेले प्रश्न व झालेला खर्च वहींत लिहून ठेवावा; ठरावाला तो पुरावा जोडतां येईल. आणि मुलाखतीपूर्वीं ‘नोंदणी’ किंवा ‘प्रशिक्षण’ म्हणून जो कोणी पैसे मागेल, त्याला एक दमडी न देतां थेट पोलिसांत तक्रार नोंदवावी.