औषधाची चिठ्ठी आणि बसचे भाडे



शाळेतील सर्व वस्तूंमध्ये हजेरीपटाइतकी नीरस वस्तू दुसरी नसेल. त्यात नावे असतात आणि खुणा असतात. वर्षाअखेरीस बेरीज होते आणि तो कपाटात जातो. माझाही समज बरीच वर्षे असाच होता. तो एका मुलाने दूर केला. परंतु त्याची किंमत मला द्यावी लागली नाही, त्या मुलाला द्यावी लागली.

मी पूर्वी ज्या शाळेत होते ती गोव्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात होती. आठवीच्या वर्गात एक शांत, अक्षराने सुरेख असा मुलगा होता. तो दर तीन आठवड्यांनी एक दिवस गैरहजर राही, आणि तोही नेमका मंगळवारी. दोनतीनदा मी कारण विचारले. तो खाली पाहून उभा राही. एकदा मी भर वर्गात म्हणाले, "मंगळवारी तुमच्या घरी बाजार भरतो काय रे?" वर्ग हसला. तोही थोडासा हसला. दिवाळीनंतर मात्र त्याची हजेरी पूर्ण भरू लागली. सलग तीन महिने एकही खाडा नाही! मी त्याला वर्गापुढे उभे करून टाळ्या वाजवावयास लावल्या.

फेब्रुवारीत एके दिवशी तो वरच्या मजल्याचा जिना चढता चढता मध्येच बसला. श्वास लागला होता. गुडघे सुजले होते. अंगात ताप होता. पुढे कित्येक आठवडे तो रुग्णालयात होता, आणि तेथेच मला उलगडा झाला. त्या मुलाला संधिवाताच्या तापातून जडलेला हृदयविकार होता. तो बळावू नये म्हणून दर एकविसाव्या दिवशी त्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावयाचे होते. ज्या मंगळवारांवर मी लाल शाईने खूण करीत होते ते इंजेक्शनचे मंगळवार होते. आणि ज्या तीन महिन्यांच्या हजेरीसाठी मी टाळ्या वाजवावयास लावल्या, त्या तीन महिन्यांत त्याची इंजेक्शने चुकली होती.

हा रोग कसा होतो ते थोडक्यात सांगते, कारण तो तुमच्याच वयाच्या मुलांना, म्हणजे पाच ते पंधरा वर्षांच्या दरम्यान, विशेषेकरून गाठतो. एका प्रकारच्या जंतूमुळे घसा सुजतो. वेळीच उपचार झाला तर गोष्ट तेथेच संपते. न झाल्यास काही मुलांच्या बाबतीत जंतूंशी लढावयास निघालेली शरीराची शक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे बरे होतात, झडपा पूर्ववत होतीलच असे नाही; आणि असा ताप पुनःपुन्हा आला की प्रत्येक खेपेस त्या अधिक निकामी होतात. म्हणून ते इंजेक्शन वर्षानुवर्षे, बहुधा वयाची एकविशी गाठेपर्यंत आणि कित्येकांना त्याहूनही पुढे, चालू ठेवावे लागते. हे जंतू दाटीवाटीच्या घरांत, जेथे एका खोलीत सहासात माणसे निजतात तेथे, सहज पसरतात. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो ओसरू लागला तेव्हा पेनिसिलिन अद्याप आलेही नव्हते. घरे मोकळी झाली, राहणी सुधारली, आणि रोग मागे हटू लागला.

आता हिशेब पाहा. इंजेक्शन फुकट होते. परंतु त्याच्या प्रतिक्रियेच्या भीतीने कित्येक लहान दवाखाने ते टोचावयास तयार नसतात. गावाजवळच्या दवाखान्याचेही तसेच होते. म्हणून शहरातील मोठ्या रुग्णालयात जाणे आले. दोन बसगाड्या बदलून जावयाचे, तितक्याच बदलून परत यावयाचे, दोघांचे भाडे, रांगेत अर्धा दिवस. आई दुसऱ्याच्या कुळागरात रोजावर जाई, वडील नव्हते. रुग्णालयाच्या ओसरीवर ती मला म्हणाली, "बाई, दीस गेलो काय मजुरी गेली." त्या एका वाक्यात सर्व हिशेब होता. दिवाळीनंतर धाकटी मुलगी आजारी पडली, उधारी वाढली, आणि मुलगा तर धडधाकट दिसत होता. जे इंजेक्शन घेतल्याने काही बरे वाटत नाही आणि चुकल्याने लगेच काही बिघडत नाही, ते मागे पडले.

तेथील एका डॉक्टरांनी तिला सर्वांसमक्ष 'निष्काळजी' म्हटले. मला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली; कारण मीही तेच केले होते, फक्त मुलाच्या बाबतीत. आपल्या भाषेत हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ज्या बाईला काळजीवाचून दुसरे काही मिळालेच नाही, तिला आपण निष्काळजी म्हणतो!

पुष्कळांचे म्हणणे असे की औषध सर्वांना फुकट दिले म्हणजे सर्वांना समान वागविले. यापुढे सरकारने काय करावे? परंतु रुग्णालयाच्या शेजारी राहणारा मुलगा पाच मिनिटे चालत येतो आणि इंजेक्शन घेऊन शाळेत जातो. आमच्या या मुलाला त्याच फुकट इंजेक्शनासाठी घरातील एका दिवसाची चूल द्यावी लागते. याला समान वागणूक म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात माउंड बायू नावाचे गाव आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी ते 1887 मध्ये वसविले. त्या परिसरात यंत्रे आली, कापसाच्या शेतांवरील कृष्णवर्णीयांची कामे गेली, आणि घरोघर उपासमार सुरू झाली. 1967 मध्ये डॉ. जॅक गायगर व त्यांचे सहकारी यांनी तेथे आरोग्यकेंद्र उघडले. कुपोषित मुले येऊ लागली तेव्हा तेथील डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, मांस, भाज्या, फळे असे लिहावयास आरंभ केला. ती चिठ्ठी घेऊन गावच्या वाण्याकडे जावयाचे आणि वाण्याने पैसे केंद्राच्या औषधखात्यातून घ्यावयाचे. वरिष्ठांनी आक्षेप घेतला की औषधाचा पैसा औषधासाठीच आहे. गायगर यांचे उत्तर, माझ्या शब्दांत, इतकेच होते की उपासमारीवर वैद्यकशास्त्रात अन्नाखेरीज दुसरे औषध आहे असे त्यांना ठाऊक नाही. पुढे त्याच केंद्राने विहिरी खोदल्या, शौचकूप बांधले, आणि लोकांची सहकारी शेती उभी राहावयास मदत केली. बॉस्टन शहरात 1993 मध्ये बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी तर आपल्या रुग्णालयात वकील नेमला. कारण घराच्या भिंतीवर बुरशी आणि घरमालक दुरुस्ती करीत नाही, अशा मुलाचा दमा केवळ औषधाने हटत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डॉक्टरांची पथके शाळांतून मुलांना तपासतात, आणि ज्या व्याधी शोधावयाच्या त्यांच्या यादीत हा हृदयविकारही आहे. अतितीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवले असता सोबतच्या मातेची मजुरी बुडते म्हणून तिला भत्ता देण्याची तरतूद आहे. ज्या कोणी ती तरतूद केली त्याने 'मजुरी गेली' हे शब्द कोठेतरी ऐकले असले पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच की हीच दृष्टी एकविसाव्या दिवसालाही लावावी. रोग शोधण्याची व्यवस्था आहे, हृदयाच्या शस्त्रक्रियेला सरकारी साहाय्य आहे. या दोहोंच्या मध्ये जी सातआठ वर्षे जातात, त्यांतील बसचे भाडे कोणाच्याच खात्यात बसत नाही. गावाजवळच्या दवाखान्यातील परिचारिकेला हे इंजेक्शन देण्याचे आणि प्रतिक्रिया आल्यास करावयाच्या उपायांचे शिक्षण द्यावे, औषध तेथे नित्य असावे, आणि वेळ अशी असावी की आईचा रोज बुडू नये. यात अवघड असे काय आहे?

बाहेर दोनशे माणसांची रांग उभी असता डॉक्टरांनी घरची चौकशी केव्हा करावी, ही शंका रास्त आहे. ते काम डॉक्टरांनीच करावे असे नाही. रुग्णालयातील समाजसेवक करू शकेल, शिक्षकही करू शकेल. मात्र ते कसे करावे याला महत्त्व आहे. "घरी पुरेसे जेवता का?" हा प्रश्न रांगेत मोठ्याने विचारला तर तो अपमान होतो, आणि विचारून पुढे काहीच न देणे हा त्याहून मोठा अपमान. आम्ही शाळांतूनही हा दोष करतो. गरीब विद्यार्थ्यांची यादी व्यासपीठावरून वाचतो आणि वह्या वाटतो. आपले नाव पुकारले जाऊ नये म्हणून त्या दिवशी शाळेतच न आलेला मुलगा मी पाहिला आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. एका समंजस डॉक्टरांनी गावाजवळच्या दवाखान्याला पत्र लिहिले, तेथील परिचारिकेने जबाबदारी घेतली, आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर इंजेक्शन मिळू लागले. तो दहावी झाला. आता एका दुकानात हिशेब लिहितो. झडपेचे जे नुकसान त्या हिवाळ्यात झाले ते भरून आलेले नाही. वर्गापुढे वाजलेल्या टाळ्यांविषयी मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो पूर्वीसारखाच खाली पाहून थोडासा हसला.

आपल्या शाळेच्या हजेरीपटात उपचारासाठी गेलेल्या मुलाकरिता वेगळी खूण नाही. हजर अथवा गैरहजर, एवढेच. अशी खूण असावी, आणि ज्या मुलाची ती खूण दोन पाळ्या चुकेल त्याच्या घरी वर्गशिक्षकाने त्याच आठवड्यात जावे, अशी सूचना मी मुख्याध्यापकांकडे लेखी दिली आहे. पुढील शिक्षकसभेत ती चर्चेस यावयाची आहे.