निकालाचा एक वाजता आणि शेड्युलर नावाचा लाईनमन

१६ जुलै २०२१. दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होतं. विद्यार्थी सोळा लाखांच्या आसपास. एक वाजला आणि साईट बसली... पुढचे कित्येक तास पोरं नुसती रिफ्रेश मारत राहिली. त्यावर आपल्या मंडळींचं ठरलेलं उत्तर, "सर्व्हरलेसवर टाका ना, आपोआप स्केल होतं!"

मला हे उत्तर अर्धवट वाटतं. सर्व्हरलेस म्हणजे सर्व्हर नसतो असं नाही, तो सांभाळायची कटकट आपली नसते, एवढंच. रिक्वेस्ट आली की कोड एखाद्या कंटेनरमध्ये चालतो. तो आधीच चालू असेल तर ठीक, नाहीतर नवा उभा करा, लायब्ररी लोड करा, मग काम. यालाच कोल्ड स्टार्ट म्हणतात. जायकवाडीच्या पाण्याची वाट पाहिलेल्या संभाजीनगरकराला तो समजावून सांगावा लागत नाही. नळाला आधी हवा येते, मग गढूळ, मग नीट पाणी.

आता जरा गणित करू. समजा सोळा लाख रिक्वेस्ट पहिल्या दहा मिनिटांत आल्या. म्हणजे सेकंदाला साधारण २,६७०. एकीला २०० मिलिसेकंद लागले तर एका वेळी ५३५ कंटेनर पुरतात. पण सुरुवातीला सगळे थंड असतात. प्रत्येकीला दोन सेकंद जास्त लागले की आकडा जातो ५,९०० च्या घरात! ॲमेझॉनच्या लॅम्डाची डिफॉल्ट मर्यादा एका रीजनमध्ये एका वेळी १,००० आहे. उरलेल्यांना एरर, मग रिफ्रेश, म्हणजे आणखी रिक्वेस्ट.

म्हणून खरा प्रश्न शेड्युलरचा आहे. कुठल्या लाईनला कधी पाणी सोडायचं हे लाईनमन ठरवतो, तसं कुठली रिक्वेस्ट कुठल्या मशीनवर जाणार हे हा ठरवतो. 'सगळ्यांना सारखं वाटा', म्हणजे राऊंड रॉबिन, दिसायला न्याय्य आहे, पण एकच फंक्शन दहा मशीनवर फिरवलं की दहा ठिकाणी कोल्ड स्टार्ट. उलट टोक म्हणजे प्रत्येक फंक्शनला एकच घर. मग निकालाचं मशीन गुदमरतं आणि शेजारची रिकामी बसतात.

शहाणपणाचा रस्ता मधला. ओपनव्हिस्कमध्ये हॅशवरून फंक्शनचं घर ठरतं, तिथे जागा नसेल तर रिक्वेस्ट पुढच्या मशीनकडे जाते. गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेली 'बाऊंडेड लोड'ची कल्पनाही याच वळणाची: कुठल्याही मशीनवर सरासरीच्या, समजा, सव्वापटीहून जास्त भार टाकायचा नाही, त्यापुढचं ओसंडू द्यायचं. माझ्या मते कुठलाही शेड्युलर लिहायची सुरुवात इथूनच करावी: आधी गरम कंटेनर, मग मर्यादा, मग शेजारी.

पण एवढ्यानेही एक वाजताची गर्दी निभत नाही. १० जुलै २०१९ च्या भारत-न्यूझीलंड सेमीफायनलला हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटी लोक होते. त्यांच्या इंजिनिअर्सनी नंतर जाहीरपणे सांगितलं की नेहमीच्या ऑटोस्केलिंगवर ते विसंबले नाहीत, मॅचच्या आधीच क्षमता उभी करून ठेवली. धोनी कधी आऊट होईल हे त्यांना माहीत नव्हतं, निकालाची तर वेळसुद्धा जाहीर असते!

त्यामुळे १२:३० ला कंटेनर गरम करून ठेवा, मर्यादा वाढवून घ्या, निकालासारखा नुसता वाचायचा डेटा कॅशमध्ये ठेवा, आणि तरी गर्दी झालीच तर एररऐवजी रांगेतला नंबर दाखवा. आधी गरम ठेवायला पैसे पडतात, मान्य. पण ते वाचवले की तो खर्च संपत नाही, तो नेटकॅफेबाहेर ताटकळणाऱ्या पोराच्या माथी जातो. ज्या गर्दीची तारीख आणि वेळ आपणच छापतो, तिला 'अनपेक्षित लोड' म्हणायचा हक्क कुठल्याच इंजिनिअरला नाही.