यंत्र आणि गृहस्थ : नोझल अडकलें तेव्हां

या सदराकडे येणारे प्रश्न बहुधा पाण्याच्या पंपाचे, शिवणयंत्राचे अथवा घरच्या मोटारगाडीचे असतात. गेल्या महिन्यांत मात्र गोरेगांव (पूर्व) येथील एका एकत्र कुटुंबांतून जें पत्र आलें तें निराळ्या जातीचें होतें. त्याचें उत्तर खाजगी रीतीनें न देतां येथेंच द्यावें असें आम्हांस वाटलें. कारण यंत्र अपरिचित असलें तरी त्याची अडचण डिझेलवर चालणाऱ्या कोणत्याहि जुन्या यंत्राची आहे, मग तें शेतावरचें पंपाचें इंजिन असो, कीं सोसायटीच्या आवारांतील जनरेटर असो.

पत्र लिहिणारे गृहस्थ घरांतील वडीलधारे आहेत. त्यांच्या धाकट्या पुतण्यानें पदविका घेऊन कांहीं वर्षें नोकरी केली, ती सोडून एक जुना स्किड स्टीअर लोडर विकत घेतला, आणि त्यासाठीं घरांतील दोघी काकूंनीं आपले दागिने गहाण ठेवूं दिले. इमारतींचा राडारोडा आणि नाल्यांतील गाळ उचलण्याच्या कामावर यंत्र बरें चाललें होतें. गेला पावसाळाभर तें अर्ध्या भरलेल्या टाकीनिशीं ताडपत्रीखालीं उभें राहिलें. दसऱ्यानंतर सुरू करतांना पांढरा धूर, ठोके, आणि चारांपैकीं एक सिलिंडर गप्प! एका कारागिरानें पंपासह सारे इंजेक्टर नवे घालावयास सांगितलें. दुसऱ्यानें यंत्र भंगारांत काढण्याचा सल्ला दिला. तिसऱ्यानें इंजेक्टर निघेना म्हणून हातोडा चालविला, त्यांत परतीची नळी मोडली आणि तो पुन्हा फिरकलाच नाहीं. पावसाळ्यापूर्वींची नालेसफाई ३१ मेपर्यंत उरकावयाची असते. त्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईवरच वर्षाचे हप्ते अवलंबून. यंत्र विकावें कीं दुरुस्त करावें, आणि मुलानें स्वतः त्यास हात लावावा काय, असें काकांनीं विचारलें आहे.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. याचीं चाकें मोटारीच्या चाकांप्रमाणें वळत नाहींत. डाव्या व उजव्या बाजूच्या चाकांचा वेग निरनिराळा ठेवला कीं यंत्र घसटत जागच्या जागीं फिरतें. अरुंद गल्लींत अथवा नाल्याच्या कडेला त्याचा उपयोग होतो तो एवढ्यामुळेंच. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत रॉथसे गांवच्या सिरिल व लुई केलर या बंधूंनीं १९५७ सालीं टर्की पक्ष्यांच्या खुराड्यांतील घाण काढण्यासाठीं एक लहान तीनचाकी यंत्र बनविलें. पुढें मेलरो कंपनीनें तें हातीं घेतलें, १९६० सालीं तें चारचाकी झालें, आणि १९६२ सालीं त्यास ‘बॉबकॅट’ हें नांव मिळालें. आपल्याकडे यंत्र कोणत्याहि कंपनीचें असो, कामावरचीं माणसें त्यास बॉबकॅटच म्हणतात. ज्या गोरेगांवांत १९४९ सालीं म्हशींसाठीं आरे दूधवसाहत वसली, तेथील वाचकांस या जन्मकथेचें हंसूं येणार नाहीं. जनावरांची घाण उपसणें हें केवढें काम आहे तें त्यांस ठाऊक आहे.

आतां मूळ विषय. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, आणि नेमक्या क्षणीं तींत तेलाचा फवारा सुटला कीं तो आपोआप पेटतो. हा फवारा सोडणारें उपकरण म्हणजे इंजेक्टर, व त्याचें टोंक म्हणजे नोझल. नोझलच्या कवचांत एक पोलादी सुई असते. वरची स्प्रिंग तिला खालीं दाबून धरते; पंपाकडून आलेल्या तेलाचा दाब पुरेसा झाला कीं सुई क्षणभर उचलली जाते व पुन्हा बसते. जुन्या बॉबकॅटमध्यें पुष्कळदा असणाऱ्या कुबोटा इंजिनांत हा दाब चौरस सेंटिमीटरला १४० ते १५० किलोग्रॅमच्या आसपास असतो. सुई आणि कवच यांमधील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारें विसावा भाग. ही जोडी कारखान्यांत एकमेकींवर घासून जमविलेली असते. म्हणून एकीची सुई दुसरीच्या कवचांत घालणें म्हणजे दोन्हीं जोड्या वायां घालविणें होय. एवढ्या सूक्ष्म फटीचें काम पूर्वीं परदेशांतूनच करून यावयाचें. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ सालीं स्थापन झाली, बंगळूरास मायको कंपनी १९५१ सालीं निघाली, आणि पुढें त्या कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यांत नोझलें व इंजेक्टर होऊं लागले. २००८ सालापासून या कंपनीचें नांव बॉश लिमिटेड झालें असलें, तरी दुकानांतून ‘मायकोचें नोझल’ हा शब्दप्रयोग अजून ऐकूं येतो.

‘इंजेक्टर अडकला’ या एका वाक्यांत दोन निरनिराळे रोग दडलेले असतात, आणि पत्रांतील तिघां कारागिरांपैकीं एकानेंहि ते वेगळे केलेले दिसत नाहींत. पहिला रोग सुई कवचांत चिकटण्याचा. सुई बंद स्थितींत चिकटली तर तो सिलिंडर उपाशी राहतो, एवढेंच. परंतु ती उघडी राहिली तर फवाऱ्याऐवजीं तेलाचे थेंब गळतात. हें न जळलेलें तेल सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन काढतें, खालच्या ऑइलमध्यें उतरतें, आणि पुष्कळदा पिस्टनलाच भोंक पाडतें. असें यंत्र ‘तीनांवर चालतें आहे ना, चालूं द्या’ म्हणून हांकणें म्हणजे शंभराच्या कामासाठीं लाखाचें इंजिन पणास लावणें आहे. दुसरा रोग इंजेक्टरचें अंग सिलिंडरच्या माथ्यांत रुतून बसण्याचा. तळाचा तांब्याचा वॉशर गळका झाला कीं जळका वायु वर येतो व त्याची काजळी सिमेंटाप्रमाणें इंजेक्टरभोंवतीं घट्ट होते.

या घरीं दोन्हीं झालें असावें, आणि पहिल्याचें मूळ त्या अर्ध्या टाकींत आहे. टाकींतील रिकाम्या जागेंत दमट हवा असते. रात्रीं पत्रा थंड झाला कीं तिचें पाणी होतें, तें तेलाखालीं साचतें, आणि चार महिन्यांत सुईवर गंज धरावयास तेवढें पुरतें. त्यांत कोणी स्वस्ताईसाठीं रॉकेल मिसळलें असेल तर विचारावयासच नको. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज सहाच्या डिझेलमध्यें गंधक दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसतें. हवेस तें हितकर आहे. परंतु गंधक काढण्याच्या क्रियेंत तेलाचा अंगचा स्निग्धपणा कमी होतो व तो वेगळें द्रव्य घालून भरून काढावा लागतो. अशा तेलांत रॉकेल ओतणें सुईस आणि पंपास दोघांसहि मारक.

कोणता सिलिंडर गप्प आहे हें ओळखण्याची जुनी रीत अशी. इंजिन मंद चालू ठेवून एकेका इंजेक्टरवरील नळीची चावी पान्यानें अर्धा फेरा सैल करावी. चांगला सिलिंडर असा तोडला कीं इंजिनाचा सूर पडतो. जो तोडूनहि सूर बदलत नाहीं, तोच रोगी. हें करतांना यंत्राचे उचलणारे बाहू जमिनीवर टेकविलेले अथवा त्यांच्या लोखंडी आधारावर अडकविलेले असावेत. आणि फवाऱ्यासमोर हात कधींहि नेऊं नये. या दाबाचें तेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम टिंबाएवढी दिसते, वेदनाहि आरंभीं थोडी, परंतु तासाभराच्या हयगयीनें बोट गमवावें लागतें. असें झाल्यास हळद लावून घरीं न बसतां त्याच क्षणीं इस्पितळांत शस्त्रवैद्याकडे जावें. हीच रीत नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनावर मुळींच करूं नये. तेथील दाब १५०० बारच्याहि पलीकडे जातो.

यापुढें खर्च करण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी, आणि पत्रकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर तिच्यांतच आहे. चारहि सिलिंडरांचें कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याची शक्ति, दाबमापकानें मोजून घ्यावी. चौघांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत नसेल व आंकडे पुस्तिकेंत दिलेल्या मर्यादेच्या वर असतील, तर इंजिन निरोगी आहे व यंत्र विकणें हा निव्वळ तोटा. कॉम्प्रेशनच गेलें असेल तर नवीं नोझलें घालूनहि उपयोग नाहीं. मग विक्रीचा विचार करावा, आणि तोहि भंगाराच्या नव्हे, दुरुस्तीयोग्य यंत्राच्या भावानें.

रुतलेला इंजेक्टर काढण्यास बळाहून वेळ अधिक लागतो. सभोंवारची धूळ प्रथम धुवावी, नळ्यांचीं तोंडें झांकावीं. मुळाशीं गंज सोडविणारें तेल घालून रात्रभर ठेवावें, सकाळीं इंजिन कोमट असतां पुन्हा घालावें. कुबोटाचा इंजेक्टर आट्यांवर बसतो. खोल सॉकेट लावून किंचित् घट्ट, किंचित् सैल, असें पुढें-मागें करीत तो सोडवावा. येथें एक धोका आहे. पाना नीट न बसतां नोझल धरणारी खालची टोपीच फिरली, तर इंजेक्टर माथ्यांतल्या माथ्यांत उकलतो व नोझल आंतच राहतें. ज्या इंजिनांत इंजेक्टर पट्टीनें दाबलेला असतो तेथें सरक्या वजनाचा पुलर वापरावा. परतीच्या नळीखालीं पहार घालून उचकटणें कोठेंच चालणार नाहीं; त्याचें फळ या घरानें पाहिलेंच आहे. इंजेक्टर निघाल्यावर जुना वॉशर व त्याखालील उष्णतारोधक चकती चिकटून राहते, तीहि काढावी. बैठक पितळी ब्रशास ग्रीस लावून साफ करावी, म्हणजे काजळी आंत न पडतां ग्रीसला चिकटते.

एवढें काम पुतण्यानें घरीं करावयास आमची हरकत नाहीं. उलट स्वतःचें यंत्र स्वतः उघडण्याची त्यास संवय व्हावी. परंतु नोझलची तपासणी पंप-नोझलच्या कारखान्यांतील टेस्टिंग मशीनवरच व्हावी. तेथें त्यानें स्वतः उभें राहून तीन गोष्टी पाहाव्या : ठरल्या दाबास सुई उघडते काय, फवारा धुक्यासारखा बारीक येतो काय, आणि त्याखालच्या दाबावर टोंक कोरडें राहतें काय. साफ केलेली सुई डिझेलांत बुडवून एक तृतीयांश बाहेर ओढून सोडली, तर ती स्वतःच्या वजनानें सावकाश खालीं सरकली पाहिजे. मध्येंच थबकली तर ती जोडी बाद. जें नोझल या परीक्षेंत उतरतें तें बदलूं नये. ‘सारेच बदला’ म्हणणाऱ्यास आधीं पंपाचा दोष दाखविण्यास सांगावें.

घरांतील मंडळींनीं मुलावर नाराज व्हावें असें या पत्रांत आम्हांस कांहीं दिसत नाहीं. नोकरी सोडून चिखलांत उतरणारा पांढरपेशा मुलगा चार नातेवाइकांत अजूनहि टीकेचा विषय होतो, हें आम्ही जाणतों. पण दागिने देणाऱ्या काकूंनीं जो विश्वास दाखविला तो एका चिकटलेल्या सुईपायीं मागें घेण्याचें कारण नाहीं. नोझलांचा खर्च नव्या पंपाच्या मानानें किरकोळ असतो. तो करावा, आणि मार्चपूर्वीं यंत्र उभें करावें.

बसवितांना वॉशर व चकती दोन्हीं नव्या घ्याव्या, आटे प्रथम हातानें धरवावे, आणि शेवटचा ताण पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें टॉर्क-पान्यानें द्यावा. मग फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत क्रमानें एअर काढावी. बुडबुडे थांबेपर्यंत नळीच्या चाव्या घट्ट करूं नयेत. इंजिन लागत नाहीं म्हणून हवेच्या तोंडाशीं ईथरचा फवारा मारूं नये. तापलेल्या ग्लो-प्लगमुळें स्फोट होतो. अर्धा तास चालवून गळती पुठ्ठ्याच्या तुकड्यानें पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली अथवा त्यास डिझेलचा वास येत असेल तर तें फिल्टरसह बदलावें. टाकीच्या तळाचें पाणी आतांच काढून टाकावें, आणि यंत्र उभें राहणार असेल तर पावसाळ्याच्या तोंडीं ती काठोकाठ भरून ठेवावी. पाणी वेगळें करणाऱ्या फिल्टरखालील तोटी रोज सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं कांचेच्या पेल्यांत थोडी उघडावी. पाणी डिझेलच्या तळाशीं बसतें, म्हणून असलें तर पहिल्या घोटभर तेलांतच तें दिसतें.