टी-शर्टवरच्या लाटा आणि कुलूपबंद खोली

गिरगावातली मामाची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आणि त्याच्या ३१ रेकॉर्ड्स माझ्याकडे आल्या. 'आल्या' हा शब्द जरा सभ्य झाला. भाड्याच्या तात्पुरत्या घरात कपाटाला जागा नव्हती, मामीचं रद्दीवाल्याशी बोलणं जवळजवळ ठरलं होतं आणि मी मध्ये पडले. मामा मर्चंट नेव्हीत होता. ऐंशीच्या आगेमागे लिव्हरपूल, रॉटरडॅम, सिंगापूर अशी बंदरं फिरताना बाकीचे लोक टू-इन-वन आणि परफ्यूम आणायचे, हा एलपी आणायचा. त्यातल्या निम्म्याहून जास्त 'न्यू वेव्ह' म्हणतात त्या जातीच्या.

प्लेअरचा बेल्ट सैल पडला होता. तो लॅमिंग्टन रोडवर मिळाला, सुई ऑनलाइन मागवली. गेले दोन महिने रोज रात्री जेवण झालं की एक बाजू ऐकायची, असा नेम आहे. एक बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटं. कंटाळवाणं गाणं आलं तरी उठून सुई उचलायचा आळस येतो, म्हणून ते ऐकलं जातं. माझी दोन आवडती गाणी अशी निव्वळ आळसातून सापडली आहेत.

या ढिगातली एक रेकॉर्ड तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ऐकली नसेल, पाहिली नक्की आहे. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेघांचे डोंगर. प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर असा एक तरी टी-शर्ट असतोच. माझ्याकडेही होता आणि एफवायला तो घालून फिरताना मला वाटायचं, हे कुठल्या तरी कपड्यांच्या ब्रँडचं चिन्ह असेल. ते आहे जॉय डिव्हिजन या बँडच्या 'अननोन प्लेझर्स' या १९७९ सालच्या अल्बमचं कव्हर. मूळ कव्हरच्या दर्शनी बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. आणि त्या रेघा म्हणजे एका ताऱ्याचे ठोके आहेत.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदावर नियमित धडधडणारा एक संकेत दिसला. माणसाला सापडलेला तो पहिला पल्सार. (नोबेल १९७४ मध्ये मिळालं ते तिच्या गाइडला आणि आणखी एका शास्त्रज्ञाला. तिला नाही. पीएचडी करणाऱ्या ताई-दादांनी इथे एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.) त्याच पल्सारच्या ठोक्यांचा आलेख हॅरल्ड क्राफ्ट या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने १९७० च्या आपल्या प्रबंधात काढला. तो पुढे खगोलशास्त्राच्या एका कोशात छापला गेला. बँडच्या गिटारवाल्याला, बर्नार्ड समनरला, तो मँचेस्टरच्या लायब्ररीत दिसला आणि पीटर सॅव्हिल या २३ वर्षांच्या डिझायनरने काळ्यावर पांढरा करून तो कव्हरवर घेतला. कुणाच्या प्रबंधातलं पान कुणाच्या छातीवर जाऊन बसलं बघा. पल्सारचा अभ्यास आपल्याकडेही चालतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण. आमची शाळेची सहल तिथे गेली होती आणि आम्ही सगळ्यांनी फक्त वडापाव लक्षात ठेवला.

रेकॉर्ड मात्र ऐकायला सोपी नाही. ड्रम कुठल्या तरी रिकाम्या इमारतीत वाजतात आणि गाणारा खालच्या मजल्यावरून बोलतो, असं वाटतं. तो गाणारा, इयान कर्टिस, अल्बम आला तेव्हा २२ वर्षांचा होता, आज माझं वय आहे तेवढा. त्याला फिट्सचा आजार होता, नैराश्य होतं आणि मे १९८० मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याचे साथीदार पुढे मुलाखतींमधून पुन्हा पुन्हा हेच सांगत आले की, त्याने लिहिलेले शब्द आम्ही तेव्हा नीट ऐकलेच नाहीत. रोज एकाच खोलीत तालीम करणारे मित्र होते ते. त्या रात्री बाजू संपली आणि मी आमच्या ग्रुपवर तीन आठवडे गप्प असलेल्या एका मित्राला फोन केला. मेसेज नाही, फोन. तो ठीक होता. झोपला होता, वैतागला.

आता 'न्यू वेव्ह' म्हणजे काय, यावर वाद घालणारे खूप आहेत. जॉय डिव्हिजनला ते 'पोस्ट-पंक' म्हणतील आणि ही पुरवणी माझ्या तोंडावर मारतील. पण हे नावच मुळात विक्रीसाठी पुढे केलेलं आहे. 'पंक' म्हटलं की अमेरिकन रेडिओवाले दार लावायचे. म्हणून सायर रेकॉर्ड्सच्या सीमोर स्टाइन यांनी आपल्या बँड्ससाठी फ्रेंच सिनेमाच्या नव्या लाटेवरून उचललेला हा शब्द लावून धरला. पत्रकारितेच्या वर्गात शिकवतात ते लेबलचं राजकारण म्हणजे हेच. त्या लेबलखाली मग सगळंच आलं, 'ब्लाँडी'च्या डिस्कोपासून डुरान डुरानच्या चकचकीत सुटांपर्यंत. (डुरान डुरान मी एकदाच ऐकला. मामाने रागावू नये.)

त्याच सायरचा बँड म्हणजे टॉकिंग हेड्स. रोड आयलंडच्या आर्ट कॉलेजात एकत्र आलेली तीन मुलं. बँडला बेस वाजवणारं कुणी मिळेना म्हणून टीना वेमथ बेस शिकली. आधी बँड, मग वाद्य! न्यूयॉर्कच्या बाउरी भागात सीबीजीबी नावाचा एक कळकट बार होता, तिथे १९७५ मध्ये 'रमोन्स'च्या आधी वाजवायची संधी त्यांना मिळाली. बारमालक हिली क्रिस्टल यांची बँड्सना एक अट होती : स्वतःची गाणी वाजवा, दुसऱ्यांची नाही. ही अट आपल्याकडच्या 'बॅटल ऑफ बँड्स'ला लावून बघा. निम्मे बँड स्टेजवरून उतरतील. पण उरलेल्या निम्म्यांना मला फार ऐकायचंय.

पाच वर्षांत ही मंडळी 'रिमेन इन लाइट'पर्यंत पोचली. १९८० चा हा अल्बम माझ्या ३१ मधला सगळ्यात लाडका. नायजेरियाच्या फेला कुटीच्या संगीताने झपाटून एकेका सुरावटीवर थरावर थर चढवलेले, आणि ऐकताना पाय थांबत नाहीत. पण कव्हर हातात घेऊन श्रेयनामावली वाचली की ओळखीचं काहीतरी दिसतं. गाण्यांच्या श्रेयात डेव्हिड बर्न आणि निर्माता ब्रायन ईनो यांची नावं स्वतंत्र आणि बाकी तिघं 'टॉकिंग हेड्स' या एका शब्दात गुंडाळलेले. यावरून जे वाजलं ते वर्षानुवर्षं मिटलं नाही. ग्रुप प्रोजेक्टच्या पीपीटीवर शेवटच्या रात्री कुणाचं नाव आधी टाकायचं, हा प्रश्न जागतिक आहे तर.

आणि डिव्हो. डोक्यावर लाल कुंड्या घातलेली विनोदी मंडळी म्हणून त्यांचे रील फिरतात. पण ४ मे १९७० ला अमेरिकेच्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डने गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मेले, तेव्हा डिव्होचा जेरी केसाली तिथे होता. मेलेल्यांतले दोघं त्याच्या ओळखीचे होते. माणूस पुढे जात नाहीये, मागे चाललाय, ही त्यांची सगळी 'गंमत' त्या दिवसानंतर घट्ट झाली, असं तो स्वतः सांगतो. हे कळल्यावर त्या लाल टोप्या मला पूर्वीइतक्या विनोदी वाटत नाहीत.

आपला या सगळ्याशी संबंध काय, असं विचाराल, तर 'द पोलीस' मार्च १९८० मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेले. तेव्हा त्यांना आणलं होतं टाइम अँड टॅलेंट्स क्लबने, कुठल्या मोठ्या इव्हेंट कंपनीने नव्हे. मामाचं जहाज तेव्हा भलत्याच समुद्रात होतं. त्याच्या आयुष्यातलं हे खरं दुःख आहे, बाकी सगळं किरकोळ.

आता मुद्द्यावर येते. व्हिनाइल पुन्हा फॅशनमध्ये आहे. कॅफेच्या भिंतीवर एलपी चिकटवलेल्या दिसतात, हॉस्टेलच्या खोलीत प्लेअरवर कुंडी ठेवलेली दिसते. त्यावर नाक मुरडायचा मला अधिकार नाही, मी टी-शर्टवालीच आहे. 'आमच्या वेळचं संगीत' हे रडगाणंही मला गायचं नाही, कारण ती वेळ माझी नव्हतीच. मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही सगळी मुलं आपल्याच वयाची, बरीचशी वाजवण्यात कच्ची आणि त्यांच्याकडे वाईट वाजवायला जागा होती. बार असेल, गोदाम असेल, कॉलेजचा हॉल असेल.

माझ्या कॉलेजात वरच्या मजल्यावर संगीत कक्ष आहे. ड्रमसेट आहे, दोन अँप्लिफायर आहेत. नॅकची टीम येते तेव्हा तो उघडतो, झाडला जातो आणि पुन्हा बंद होतो. फेस्टचा मोठा पैसा सेलिब्रिटी नाइटवर जातो. कॉलेजच्या बँडला साउंडचेक चालू असताना दहा मिनिटं मिळतात. कॉलेजची बाजू अगदीच खोटी नाही : खाली लेक्चर असतात, सामान मोडलं तर भरपाई कोण करणार, शिपाईकाका साडेपाचला निघतात. पण यातल्या कुठल्याच अडचणीला कायमचं कुलूप हे उत्तर नाही. आणि तुमच्याही कॉलेजात अशी एखादी खोली असेल, बघा जरा. डार्करूम असेल, नाहीतर नाटकाच्या तालमीची.

आम्ही अर्ज लिहिलाय. आठवड्यातून दोन दिवस, लेक्चर संपल्यावर साडेतीन ते साडेपाच. सामानाची नोंदवही आम्ही ठेवू, फाटलेलं स्नेअरचं कातडं आमच्या पैशाने बदलू, परीक्षेच्या महिन्यात खोली बंद. सह्या ४३ झाल्यात, त्यातल्या वाजवता येणाऱ्यांच्या जेमतेम नऊ. मामाला अर्ज वाचून दाखवला तर म्हणाला, "अगं, बेस कोण वाजवणार ते लिहिलंच नाहीस." बेस कुणालाच येत नाही. अर्ज सोमवारी देतोय.