मध नासत नाही, मग बाळाला का नको?

"मध वर्षानुवर्षं टिकतो, मग बाळाला बोटभर चाटवला तर बिघडलं कुठं?" मिरजेच्या एका भगिनींनी विचारलंय.

ताई, मधात पाणी जेमतेम १८ टक्के, शिवाय तो आम्लधर्मी. म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत. पण एका जंतूची बीजं त्यात नुसती निजून राहू शकतात! मोठ्यांच्या आतड्यात त्यांची डाळ शिजत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मात्र ती रुजू शकतात आणि विष तयार होतं. आजार विरळा, १९७६ मध्ये ओळखला गेलेला. आधी शौचाला खडा, मग रडणं क्षीण, पापण्या जड, दूध ओढवत नाही. असं दिसलं की तडक डॉक्टर गाठा. मध उकळूनही बीजं मरत नाहीत हो.

सासूबाईंना सांगा, पहिल्या वाढदिवसानंतर तुमच्याच हातानं चाटवा!